साहेबांना प्रेसपाशी उभं करा

सेफ्टीवाल्याला कारखान्यात सगळे नमस्कार करतात, पण विचारत कुणीच नाही. माझी बरीचशी नोकरी चाकण पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून गेली. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, साहेब माझ्या शेजारी उभे राहून शपथ घ्यायचे. ५ मार्चला मी गार्डचा विषय काढला की म्हणायचे, "आधी डिस्पॅच जाऊ दे." माणूस वाईट नव्हता. महिनाअखेरीला वरून त्यांना फोन यायचा तो किती पीस गेले हे विचारायला. कामगारांची बोटं शाबूत आहेत का, हे त्यांना कुणीच विचारत नव्हतं. मॅनेजरचं मन वळवायला निघालेल्याने ही त्याची अडचण आधी समजून घ्यावी.

एका कारखान्यात जुन्या, पिन क्लचच्या पॉवर प्रेस होत्या. या प्रेसचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्येच थांबत नाही. स्लाइड पूर्ण खाली जाऊनच वर येते. म्हणून दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणं, तीही डायपासून पुरेशी लांब, बसवलेली होती. बटणांवर वेळ जातो, पीस कमी निघतात, अशी तक्रार झाली आणि एका रात्रीत पायाचं पेडल जोडलं गेलं. पेडल पायाने दाबायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे, आणि मोकळा हात जातो तो डायमध्येच.

पुढे ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये शेरा आला. त्यावर उपाय म्हणून प्रेसला लाइट कर्टन, म्हणजे सगळे ज्याला सेन्सर म्हणतात तो, लावला आणि शेऱ्यासमोर 'पूर्ण' लिहिलं. पेडल तसंच राहिलं. सेन्सर हात ओळखतो आणि मशीनला थांबायला सांगतो. पण जे मशीन मध्ये थांबूच शकत नाही, त्याला सांगून काय उपयोग? सेन्सर चालतो तो फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर. पिन क्लचला हात आत जाणारच नाही असा पक्का गार्ड लागतो. हे मी लेखी कळवलं. कागद परत आला, त्यावर शेरा होता 'नोंद घेतली'.

रात्रपाळीत ठेकेदाराकडच्या एका पोराचा पीस डायमध्ये अडकला. काढायला त्याने हात घातला आणि पाय पेडलवर पडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. सेन्सरचा दिवा लाल झालेला होता, त्याने त्याचं काम चोख केलं होतं. सकाळच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, "त्याने हात घातलाच कशाला?" चौकशी अहवालात कारण काय लिहिणार, ते तिथेच ठरलं. कामगाराचा निष्काळजीपणा!

अहवालावर सही व्हायच्या आत मी साहेबांना त्या प्रेसपाशी नेलं. टूलरूमच्या फोरमनने एक लाकडी पट्टी लांबून, सेन्सरच्या आडवी डायमध्ये धरली आणि पेडल दाबलं. दिवा लाल झाला आणि पट्टीचे दोन तुकडे झाले. साहेबांनी पुन्हा करायला सांगितलं. तेच झालं. ते काही बोलले नाहीत, पण पेडलं त्याच दिवशी निघाली आणि गार्डच्या खरेदीवर आठवडाभरात सही झाली. कागदांनी जे झालं नव्हतं, ते त्या पट्टीने केलं.

ही पट्टी अपघाताच्या आधी मोडता येते, म्हणून हे लिहितोय. 'सेफ्टी सुधारा' असं सांगत फिरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एकच मशीन धरा, त्याचा एकच दोष, एकच उपाय आणि त्याचं कोटेशन. साहेबांना केबिनमधून उठवून तिथे उभं करा, जमलं तर रात्रपाळीत, कारण खरी प्रेस दिसते ती रात्री. बोलायला प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला लावा. 'गार्ड लावूनही माझे पीस निघतात' हे त्याच्या तोंडून आलं तरच पटतं. त्यासाठी पीस चिमट्याने किंवा मॅग्नेटने काढायची सोय मात्र आधी करून द्या. नाहीतर गार्ड दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पडलेला सापडेल, आणि त्यात ऑपरेटरचा दोष नसेल.

साहेब गेटवरचा 'अपघाताविना इतके दिवस' हा फलक दाखवतील, पण त्यावर माझा विश्वास नाही. त्यावर बक्षीस लागलं की बोट चेपलेला माणूस खिशात हात घालून घरी जातो.

कायदा सगळ्यात शेवटी काढावा, पण काढावा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राचे धोकादायक भाग झाकणं सक्तीचं केलं होतं. ते मोडलं तर जबाबदार धरत ते भोगवटादाराला आणि व्यवस्थापकाला, आणि कंपनीचा भोगवटादार म्हणजे तिचा एक संचालक. 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहिणाऱ्या साहेबांना तेव्हा हे शांतपणे वाचून दाखवता यायचं. आणि तुमच्या प्रत्येक पत्रावर तारीख व पोच असू द्या, कारण पुढे कुणीतरी विचारतंच, "हे आधी कुणी सांगितलं नव्हतं का?"

तुमच्या शॉपमध्ये पिन क्लचच्या प्रेसवर सेन्सर लावून काम चालू असेल, तर आजच्या रात्रपाळीच्या आधी ती प्रेस बंद करायला लावा.