थांबलेले यंत्र म्हणजे बंद यंत्र नव्हे

पूर्वी आपल्याकडे कडबा कुऱ्हाडीने तोडत आणि सुताराचे काम करवत-रंध्यावर चाले. आता गावोगावी कडबाकुट्टीला मोटार बसली आहे. जिंतूर, सेलू, गंगाखेड कुठेही जा, वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडर आणि ड्रिल मशीनचा आवाज कानी पडतो. श्रम वाचले, हे चांगलेच झाले. परंतु हातावर पोट असणाऱ्याची बोटे गेली, तर साऱ्या घराचा घास जातो. म्हणून या यंत्रांविषयी थोडे.

हात केव्हा सापडतो?

यंत्र सुरळीत चालू असताना माणूस सावध असतो. घात होतो तो अडकलेला कडबा काढताना किंवा पाते बदलताना. त्यात आपल्याकडे लाइट जाते-येते. लाइट गेली की यंत्र थांबते. बटण मात्र चालूच राहते. कोणी आत हात घालतो आणि तेवढ्यात लाइट येते. उलट, बटण बंद केल्यावरही कडबाकुट्टीचे जड चाक काही वेळ फिरतच राहते. म्हणून क्रम ठरवून घ्यावा : आधी बटण बंद, मग पिन सॉकेटमधून बाहेर किंवा मेन स्विच खाली, मग चाक पूर्ण थांबू द्यावे आणि त्यानंतरच हात लावावा. तोही शक्यतो लाकडी काठीने. लाइट गेली की पहिले काम बटण बंद करणे.

मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार वाढले, तेव्हा केंद्र सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी कायदा करावा लागला होता. यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे.

वीज माणसाला का धरते?

शॉक बसलेला माणूस ‘चिकटला’ असे आपण म्हणतो. वास्तविक वीज चिकटवत नाही. तिच्यामुळे हाताचे स्नायू आखडतात. मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असल्याने मूठ घट्ट मिटते व सुटत नाही. याला १० ते २० मिलिअँपिअर एवढा अल्प प्रवाह पुरतो. १०० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह छातीतून गेल्यास हृदय नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण थांबते.

कोरडी कातडी विजेला बराच अडथळा करते. ओल्या, घामेजल्या कातडीचा अडथळा मात्र १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. घरातील वीज २३० व्होल्टची. भागाकार केला तर २३० मिलिअँपिअर येतात! ओल्या गोठ्यात अनवाणी उभे राहून ओल्या हाताने बटण दाबणे किती घातक, हे यावरून समजावे.

यंत्राची निगा

१. वायरची टोके आगकाडीने सॉकेटमध्ये खोचू नयेत. तीन पिनांचे यंत्र तीन पिनांच्याच सॉकेटला जोडावे. सोललेली वायर चिकटपट्टी न गुंडाळता बदलून टाकावी.

२. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. उन्हाळ्यात जमीन वाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे ईएलसीबी बसवल्यास प्राण वाचू शकतो.

३. ग्राइंडरवरचे संरक्षक झाकण काढू नये. लहान ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. चकतीवर छापलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा. तडा गेलेली चकती फेकून द्यावी. लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला लावू नये.

४. डोळ्यांवर चष्मा असावा. उपरणे, पदर, सैल बाही, हातातील कडे यंत्राजवळ नको. ड्रिलवर कापडी हातमोजेही नकोत; ते गुंडाळले जाऊन हात ओढला जातो. मुलांना यंत्राजवळ फिरकू देऊ नये.

अपघात झालाच तर

शॉक बसलेल्याला थेट हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. शुद्ध नसेल आणि श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून जोराने दाबा : मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती सुमारे दोन इंच खाली जाईल असे. मदत येईपर्यंत थांबू नका. विजेचा भाजलेला डाग बाहेरून लहान दिसला, तरी आतील स्नायू जळालेले असू शकतात. म्हणून दवाखान्यात न्याच.

बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा व हात उंच ठेवा. हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नका. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड बांधा आणि ती बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात. जोडण्याची सोय असलेल्या रुग्णालयात जितक्या लवकर पोहोचाल तितके बरे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारायला विसरू नका.

डोळ्यात लोखंडाचा कण गेल्यास चोळू नका, रुमालाच्या टोकाने काढू नका, नेत्रतज्ज्ञाकडेच जा.

पिन उपसायला दोन सेकंद लागतात. घरातील प्रत्येक माणसाला आजच ही सवय लावा.