काउबॉयच्या नाटकाला संगीत कुठलं?

'काउबॉय' म्हटलं की आपल्या हॉस्टेलमधला कुठलाही मुलगा ओठांचा चंबू करून शीळ घालतो. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची! यंदा गॅदरिंगला आम्ही जी एकांकिका बसवतोय त्यात सहा काउबॉय आहेत. काळ १८७० च्या सुमाराचा, गुरांचा कळप टेक्सासहून कॅन्ससकडे निघालेला. पार्श्वसंगीत माझ्याकडे. साहजिकच 'तीच शीळ टाक की राव' हा सल्ला मेसमध्ये रोज मिळतो. ती मी टाकणार नाही. का नाही, आणि तिच्याऐवजी काय, एवढाच या लेखाचा विषय.

आधी ही माणसं नेमकं काय काम करत होती ते पाहू, कारण संगीत तिथूनच निघतं. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासमध्ये गुरं उदंड होती, गिऱ्हाईक मात्र उत्तरेकडच्या शहरांत. १८६७ मध्ये कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीन या गावी रेल्वेलगत गुरांचा बाजार उभा राहिला आणि तिथपर्यंत कळप पायी चालवत नेण्याचा धंदा जोरात सुरू झाला. त्या प्रसिद्ध वाटेचं नाव चिझम ट्रेल. दोन-अडीच हजार गुरं, दहा-बारा माणसं, दिवसाला साधारण पंधरा ते पंचवीस किलोमीटर, प्रवास दोन-तीन महिन्यांचा. पिस्तुलबाजी फारशी नाही. धूळ, पाऊस, नद्या आणि अपुरी झोप! त्यांतले बरेचसे आपल्याच वयाचे होते. काळे होते, मेक्सिकन होते. सिनेमावाले हे सोयीस्कर विसरतात. पुढे काटेरी तारेची कुंपणं आली (ग्लिडनचं पेटंट १८७४ चं), रेल्वे टेक्सासमध्ये पसरली, आणि वीसेक वर्षांत सगळं आटोपलं.

आता गाणं. रात्री कळप बसला की दोन-दोन जणांची पाळी लागायची. दोघं घोड्यावरून कळपाभोवती विरुद्ध दिशांनी हळूहळू फेऱ्या मारायचे आणि गात राहायचे. हौस म्हणून नव्हे. अंधारात अचानक काही आवाज झाला, वीज कडाडली, एखादं भांडं पडलं, की सगळा कळप एका क्षणात उठून उधळायचा. त्याच्या आड येणारा स्वार घोड्यासकट तुडवला जायचा. सतत आवाज येत राहिला की जनावराला कळतं, स्वार कुठे आहे. ते दचकत नाही. म्हणजे हे गाणं सेफ्टी व्हॉल्व्हसारखं कामाचं यंत्र होतं. शब्द संपले तर तेच पुन्हा, नाहीतर चर्चमधली भजनं, नाहीतर नुसतं गुणगुणणं. गुरांना काय, सगळं सारखंच! आमच्या एकांकिकेचा जीव या पाळीत आहे, म्हणून संगीताची निवडही इथूनच.

इतकं कळल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप गळतात. ती शीळ १९६० च्या दशकातली. एन्नियो मॉरिकोने हा रोमचा माणूस, आणि लिओनेच्या त्या सिनेमांचं बरंचसं शूटिंग स्पेनमध्ये झालं. संगीत अफाट आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ते बंदूक उपसण्याआधीच्या शांततेचं संगीत आहे. त्यात गुरं कुठेच नाहीत. जीन ऑट्री वगैरे गाणाऱ्या काउबॉयची गोड गाणी १९३० च्या दशकातली, म्हणजे ट्रेल संपून पन्नास वर्षं झाल्यानंतरची. फर्डी ग्रोफेच्या १९३१ च्या 'ग्रँड कॅन्यन स्वीट'मधला 'ऑन द ट्रेल' हा भाग मला फार आवडतो, टापांसाठी त्यात नारळाच्या करवंट्या वाजतात. पण ती दरीत उतरणारी गाढवं आहेत. शिवाय आपल्या प्रेक्षकांना टकटक ऐकू आली की ओ. पी. नय्यर यांचा टांग्याचा ठेका आठवणार. ऑडिटोरियममध्ये मागच्या रांगेतून एक जरी 'चल मेरे घोडे' आलं, तर प्रसंग गेलाच म्हणायचा.

टापांचा ठेका द्यावा की नाही, यावर थोडं गणित मांडलं. (सवय जात नाही.) घोड्याची साधी चाल तासाला सुमारे साडेसहा किलोमीटर. एका पूर्ण ढांगेत पावणेदोन-दोन मीटर अंतर आणि चार टापा. म्हणजे मिनिटाला पन्नास-साठ ढांगा, दोनशेच्या वर टापा. पण कळप दिवसभरात वीसच किलोमीटर जाणार असेल, तर घोडा बराच वेळ थांबलेला किंवा रेंगाळणारा असणार. अखंड ठेका लावणं हेच खोटं! काउबॉयची गाणी घोड्याच्या चालीवर बेतलेली, असं पुष्कळदा सांगतात. मला ते अर्धंच पटतं. 'गुडबाय ओल्ड पेंट' किंवा 'स्ट्रीट्स ऑफ लॅरेडो' घ्या: दोन्हींची लय तीन-तीनची, आपल्या दादऱ्याच्या जवळची. घोडा चालतो चारात. 'लॅरेडो'चं मूळ तर समुद्रापलीकडच्या जुन्या ब्रिटिश-आयरिश गाण्यांत सापडतं.

मग खरी गाणी कुठे मिळतात? जॅक थॉर्प हा स्वतः काउबॉय होता; त्यानं १९०८ मध्ये अशा गाण्यांची छोटी पुस्तिका छापली. १९१० मध्ये जॉन लोमॅक्सचा मोठा संग्रह आला, त्यात काही गाण्यांच्या चालीही आहेत.

रंगभूमीवर हा प्रश्न आधीच दोन तऱ्हांनी सुटलेला आहे. लिन रिग्जचं 'ग्रीन ग्रो द लायलॅक्स' १९३१ मध्ये न्यूयॉर्कला आलं. त्यात जुनी लोकगीतंच होती, आणि प्रवेश बदलताना खरेखुरे काउबॉय येऊन गायचे. त्याच नाटकावरून १९४३ मध्ये रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी 'ओक्लाहोमा!' केलं, तेव्हा सगळी गाणी नवी रचली. पहिलं चौसष्ट प्रयोगांत थांबलं, दुसऱ्याचे दोन हजारांवर झाले. आकडे पाहून कुणीही दुसऱ्या वाटेनं जाईल, पण त्यासाठी ऑर्केस्ट्रा आणि रॉजर्स दोन्ही लागतात. आपल्याकडे एक माउथ ऑर्गन आहे आणि सिव्हिलचा एक बऱ्या गळ्याचा मुलगा.

तेव्हा आमची निवड अशी: लोमॅक्सच्या संग्रहातलं एकच गाणं, वाद्याशिवाय. गिटार नाही, घोड्यावर, पाळीच्या वेळी, ती धरणार कुठे? माउथ ऑर्गन फक्त शेकोटीच्या प्रवेशाला. पाळीच्या प्रवेशात एक आवाज स्टेजवर आणि दुसरा विंगेमागून, तोच मुखडा, पण एक ओळ मागे. दोघं कळपाच्या दोन बाजूंना आहेत हे प्रेक्षकाला कानांनीच कळावं. टापा अधूनमधून, करवंट्यांखाली जाड सतरंजी टाकून, कारण खाली फरशी नाही, गवत आहे. वीज कडाडते तिथे संगीत वाढवायचं नाही. विंगेमागचा आवाज ओळीच्या मध्यावर बंद होतो, आणि स्टेजवरचा मुलगा तरीही गातच राहतो, कारण त्याच्या बाजूची गुरं अजून बसलेली आहेत.