पिकअपची केबिन अंगणात बदलायची असेल तर

या महिन्याचा अभ्यास गाडीचा आहे. हे पुरुषांचं काम म्हणून पान उलटू नका. भाजी, दूध, कडबा, खत वाहायला गटातून कर्ज काढून पिकअप घेतलेली घरं आता गावोगाव आहेत. हप्ता गटाच्या वहीत बाईच्या नावावर चढतो. गाडी उलटली की मात्र पहिला फोन मेस्त्रीला जातो, दुसरा भंगारवाल्याला, आणि बाईला कळतं तेव्हा केबिन कापून झालेली असते.

आपल्या प्रभागातल्या एका ताईंच्या घरी असंच होणार होतं. पावसात गाडी मोरीवरून घसरली आणि डाव्या कुशीवर पडली. चालवणाऱ्या दिराचा खांद्याचा हाड मोडण्यावर निभावलं. छत दबलं, समोरची काच गेली, दार उघडेना. इंजिन मात्र एका सेल्फमध्ये सुरू झालं. घरातले म्हणाले, गॅरेजवाला लुटतो, जुनी केबिन आणू आणि अंगणातच चढवू. ताई म्हणाल्या, आधी पॉलिसी काढा. त्या एका वाक्यामुळे पुढचं सगळं नीट झालं, म्हणून आपण तिथूनच सुरू करू.

पॉलिसीचा कागद हातात घ्या. वर फक्त थर्ड पार्टी असं असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळणार नाही. तो विमा समोरच्या माणसासाठी असतो. पॅकेज पॉलिसी असेल, म्हणजे लोक जिला फुल इन्शुरन्स म्हणतात ती, तर कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत एक बोल्टही ढिला करू नका. गाडी रस्त्यातून हलवावीच लागली तर आधी चारी बाजूंनी फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असे.

आता हिशोब. विमा असला की सगळा खर्च मिळतो असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नसतं. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसतो म्हणून कंपनी घसारा कापते. पत्र्याच्या आणि लोखंडाच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात वाढत जाते: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहा वर्षांवर ५० टक्के. रबर आणि प्लास्टिकवर सरसकट ५० टक्के. काचेवर कपात नाही. समजा गाडी सहा वर्षांची आहे, पत्र्याचं बिल १,००,००० रुपये, प्लास्टिक-रबराचं १०,००० आणि काचेचं ५,००० आलं. मिळतील ६०,००० अधिक ५,००० अधिक ५,०००, म्हणजे ७०,०००. यातूनही पॉलिसीवर छापलेली सक्तीची वजावट जाते. उरलेले ४५,००० आणि ती वजावट घरातून घालायची. आकडे समजावण्यासाठी घेतलेत. तुमच्या बिलाचे आकडे टाकून वहीत एकदा करून बघा.

मालवाहू गाडीला आणखी एक खोच आहे. दिवे, बंपर, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, रंगकाम हे साध्या पॉलिसीत धरलेलंच नसतं. त्यासाठी जादा हप्ता भरून 'आयएमटी २३' नावाचं कलम घ्यावं लागतं. गाडी पुढून ठोकली की नेमके हेच भाग जातात. पॉलिसीवर हा आकडा आहे का ते आजच बघून घ्या, अपघाताची वाट बघू नका.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या, म्हणजे पॉलिसीवर आयडीव्ही लिहिलेलं असतं त्याच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. मग केबिन बदलायचा प्रश्नच उरत नाही. घाईने आधी केबिन आणून ठेवलेल्याची मात्र पंचाईत होते. जुनी केबिन बसवायचा विचार असेल तरी तो आधी सर्व्हेयरशी बोला आणि कोणतं बिल चालेल ते विचारून घ्या.

लायसनचंही सांगते, कारण यावरून घरात फार भीती असते. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या, म्हणजे एलएमव्ही लायसनवर चालवता येते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पुन्हा स्पष्ट केलं. आपल्या पिकअप या वजनाच्या आतच असतात. पण लायसनची मुदत संपलेली नको. आणि हौद्यात माणसं नकोत, तायांनो. मेळाव्याला जाताना आपण वीस-पंचवीस जणी हौद्यात उभ्या राहतो, त्या गाडीचा परवाना मालाचा असतो. काही झालं तर जीव जातोच, विम्याचा दावाही अडकतो.

कागद झाले, आता गाडीकडे जाऊ.

पिकअपची रचना घरासारखी असते. खाली लोखंडाची चौकट, तिला चेसिस म्हणतात. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, डिझेलची टाकी चौकटीला धरून असतात. केबिन ही वरची खोली. रबराच्या गुटक्यांवर ठेवून मोठ्या बोल्टांनी आवळलेली. म्हणून ती वेगळी काढता येते. पण खोली बदलायच्या आधी पाया वाकडा झालाय का ते बघायला नको का? गवंडी पाया आखताना दोन्ही कर्ण मोजतो, तसंच इथे करायचं. सपाट जागी गाडी उभी करा. चौकटीवर पुढे डावी-उजवी आणि मागे डावी-उजवी अशा जोडीजोडीच्या चार सारख्या खुणा धरा, त्यांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने ठिपके मारा. पुढच्या डाव्या ठिपक्यापासून मागच्या उजव्यापर्यंत टेप लावा, मग उलट. दोन्ही मापं जुळली नाहीत तर चौकट पिळलेली आहे. अशा चौकटीवर केबिनचे बोल्ट भोकात बसत नाहीत, मेस्त्री भोकं मोठी करतो, आणि गाडी पुढे कायम एका बाजूला ओढते. माप चुकलं तर घरचं काम तिथेच थांबवा. ते चौकट सरळ करण्याची यंत्रं असलेल्या वर्कशॉपचं काम आहे.

जुनी केबिन घेताना मॉडेल आणि साल दोन्ही जुळवा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ आल्या, त्यांची वायरिंग आणि सेन्सर वेगळे. बाहेरून सारखी दिसणारी जुनी केबिन आतून जुळेलच असं नाही. शक्य तेवढं आपलंच ठेवायचं: आपली वायरिंग, मीटर, पेडल, स्टिअरिंग. नवीन येतो तो पत्रा. घ्यायच्या आधी पायाखालची चटई उचलून फरशीचा पत्रा बोटाने दाबून बघा, दाराच्या खालच्या कडा बघा. वरून रंग मारलेला गंज तिथेच सापडतो.

बिलाशिवाय केबिन घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. कोणत्या गाडीची आहे, तिचा नंबर काय, ती मोडीत काढल्याचा कागद आहे का, हे विचारा. चोरीच्या गाडीचे सुटे भाग बाजारात फिरतात, आणि चोरीचा आहे हे माहीत असून माल घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. विकणारा कागदाचं नाव काढल्यावर चिडला तर तिथून निघायचं. आपला चेसिस नंबर चौकटीवर कोरलेला असतो, तो केबिन बदलली तरी बदलत नाही. तो घासला जाणार नाही, त्यावर वेल्डिंग होणार नाही याकडे लक्ष ठेवा. आणलेल्या केबिनवर दुसऱ्या गाडीची नंबरपट्टी असेल तर ती आपल्या गाडीवर ठेवायची नाही. केबिनचा रंग वेगळा असेल तर एक तर आपल्या रंगात रंगवा, नाहीतर आरटीओत रंगबदलाची नोंद करून घ्या.

काढण्याचं काम सुरू होतं बॅटरीपासून. निगेटिव्ह वायर पहिली काढायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. मग बॉनेट, पुढची जाळी, मडगार्ड. त्यानंतर केबिन आणि चौकट यांना जोडणारी एकेक गोष्ट सुटी करायची: वायरिंगचे जोड, स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकचे पाइप आणि व्हॅक्यूमची नळी, क्लच, अॅक्सिलरेटर, हँडब्रेकची केबल, गिअरचा दांडा, अर्थिंगची पट्टी. एसी असेल तर गॅस एसीवाल्याकडूनच काढून घ्या, नळी तशीच कापू नका. इथे त्या ताईंनी एक छान केलं. प्रत्येक जोड सोडण्याआधी मोबाइलवर फोटो, जोडाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर एकच आकडा, आणि निघालेले बोल्ट आकडा घातलेल्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत. मेस्त्री आधी हसला. जोडताना मात्र "ताई, चौदा नंबर दाखवा" म्हणत त्यांच्याच वहीवर काम झालं.

उचलणं हा सगळ्यात धोक्याचा भाग. लिंबाच्या फांदीला दोर बांधून, गावातल्या पोरांना बोलावून केबिन उचलायची नाही. फांदी मोडली किंवा एकाचा हात सुटला तर खाली असलेला माणूस वाचत नाही. मजबूत लोखंडी तिकाटणं आणि चेनकप्पी आणा, नाहीतर तासावर हायड्रा बोलवा. पट्टा दोन ठिकाणी, तोल सांभाळून. चाकांना पुढून-मागून दगड. केबिन हवेत असताना तिच्याखाली कोणी हात, पाय, डोकं घालायचं नाही. गाडी मागे घेऊन किंवा पुढे ढकलून केबिनखालून काढता येते, तेवढी मोकळी जागा आधी करून ठेवा. लहान मुलं आणि शेळ्या अंगणाबाहेर.

नवी केबिन बसवताना रबराचे गुटके नवेच घाला. जुने फुगलेले, चिरलेले असतात, आणि तिथे वाचवलेले थोडे पैसे पुढे केबिनच्या खडखडाटात दिसतात. सगळे बोल्ट आधी सैल लावायचे, दारं आणि बॉनेट नीट मिटतात का बघायचं, मगच आवळायचे. कुठे वेल्डिंग लागलंच तर बॅटरी सुटी आणि गाडीच्या कंप्युटरचा जोडही सुटा. बाजूला वाळूची बादली. सीटबेल्ट अपघातात ताणलेला असेल तर परत वापरू नका.

ब्रेकचे पाइप सुटले म्हणजे आत हवा गेली. हवा असली की पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. चारही चाकांची हवा काढून, नवं ब्रेक ऑइल भरून, पेडल टणक लागेपर्यंत गाडी अंगणाबाहेर जाता कामा नये. घाई असो, बाजार चुकत असो. मग रिकामी गाडी, मोकळं मैदान, पायी चालण्याच्या वेगाने, आणि मगच रस्ता. पासिंगची तारीखही बघा: आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. ब्रेक, दिवे, काच सगळं तिथे तपासतात.

गटाने काय करायचं? अशा कामासाठी कर्ज मागितलं तर एकरकमी रोख देऊ नका. पहिला टप्पा चौकटीचं माप बरोबर आल्यावर, तोही केबिन विकणाऱ्याच्या खात्यावर, बिलाची प्रत ठरावाला जोडून. दुसरा टप्पा केबिन चढल्यावर. गाडी उभी आहे तेवढे दिवस कमाई शून्य आहे हे धरूनच हप्ता ठरवा. घरी केल्याने मजुरी वाचते खरी, पण मेस्त्री "उद्या येतो" म्हणत दोन आठवडे काढत असेल तर गॅरेज स्वस्त पडलं असतं. दिवसाचं भाडं किती बुडतं ते लिहा आणि मगच कुठे करायचं ते ठरवा.

एक प्रश्न मी प्रत्येक गटात विचारते: कर्ज ताईंच्या नावावर, मग आरसी बुक कोणाच्या नावावर? विम्याचे पैसे आरसीवरच्या मालकाला किंवा ज्या बँकेचा बोजा आहे तिला जातात. गाडी दिराच्या नावावर आणि हप्ता वहिनीच्या अंगावर, असं असेल तर दाव्याचे पैसे आले तरी गटाची वही तशीच राहते. नवी गाडी घेतानाच हे बोलून घ्या. घेतलेली असेल तर दाव्याचे पैसे आले की गटाचा हप्ता आधी भरायचा, हे घरच्यांच्या सहीने लिहून घ्या.

जुनी केबिन लगेच भंगारात देऊ नका. दाव्यात तिचं मोल धरलं जातं, म्हणून कंपनीला विचारूनच द्या, वजन समोर करून आणि पावती घेऊन. काच फुटली त्या जागेवरून आणि जिथे केबिन उतरवली तिथून चुरा झाडून घ्या, ओलं गोणपाट दाबून बारीक कण उचला. अंगणात अनवाणी फिरणारे आपल्याच घरचे असतात.