मायना, दफ्तर आणि ई-पत्र : मराठी पत्रव्यवहारासाठी टपाल-प्रणालीची मांडणी

पत्र हा मराठी गद्याचा एक उपप्रकार आहे, असे म्हणणे अपुरे ठरेल. मराठी गद्याचा फार मोठा भाग पत्रांतच घडला आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ भाग पाहिले म्हणजे याची साक्ष पटते. अलीकडच्या काळातले उदाहरण जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांचे. त्यांनी धारवाडहून लिहिलेली पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली आणि त्यांच्या कथांइतक्याच आस्थेने वाचली गेली. आज मात्र लेखकांचा, संपादकांचा आणि अभ्यासकांचा पत्रव्यवहार बव्हंशी ई-मेलने चालतो. ज्या प्रणालीतून तो चालतो तिची मांडणी हे कारकुनी काम मानून आपण ते तंत्रज्ञावर सोपवितो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा विषय भाषेचा आहे. प्रणाली जशी हाती येते तशीच वापरली, तर मराठी पत्राचे रूप इंग्रजी पत्राच्या साच्यात जाते. इतकेच नव्हे, तर ते पत्र पुढे शोधता येईल की नाही आणि वाचता येईल की नाही, हेही त्या मांडणीवरच ठरते.

संगणकावर स्वतंत्रपणे बसविलेली टपाल-प्रणाली आणि ब्राउझरमधून उघडावयाची टपालपेटी यांतला भेद येथे महत्त्वाचा आहे. पहिलीत पत्रांची प्रत आपल्या यंत्रावर राहू शकते आणि मांडणीचे बरेचसे अधिकार आपल्याकडे असतात. अशा प्रणालींपैकी एक जुनी व लोकप्रिय प्रणाली ‘युडोरा’. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी ती १९८८ मध्ये रचली आणि तिला अमेरिकन कथालेखिका युडोरा वेल्टी यांचे नाव दिले, कारण टपालकचेरीत राहावयास गेलेल्या स्त्रीची त्यांची एक कथा प्रसिद्ध आहे. टपाल-प्रणालीचे नाव वाङ्मयातून यावे, हे साहित्याच्या अभ्यासकांस सुखावणारे आहे. पुढील विवेचन मोझिलाच्या ‘थंडरबर्ड’ या प्रणालीस धरून केले आहे. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ च्या डिसेंबरात आली. ती विनामूल्य आहे आणि तिच्या अंतर्गत व्यवस्थेत वापरणाऱ्यास पुष्कळ ढवळाढवळ करता येते.

बंगळूरसारख्या नगरीत ही ढवळाढवळ हौसेपेक्षा गरजेची ठरते. १६३८ मध्ये हे ठाणे विजापूरकरांच्या हाती येऊन शहाजीराजांच्या जहागिरीत दाखल झाले. त्यांच्या दरबारी अनेक भाषांतील कवींची हजेरी कशी होती, हे जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’वरून कळते, राजवाडे यांनी तो ग्रंथ १९२२ मध्ये प्रकाशात आणला. येथील भारतीय भाषांच्या अध्यापकाची टपालपेटी आजही तशीच बहुभाषिक असते. सकाळी कचेरीचे इंग्रजी परिपत्रक, दुपारी कन्नड सहकाऱ्याची चिठ्ठी, सायंकाळी पुण्याहून आलेली मुद्रिते. एकाच मांडणीत हे सारे बसविले की त्या मांडणीची भाषा इंग्रजीच होते.

प्रथम मायन्याचा विचार करू. मराठी पत्रात संबंध आधी लिहिला जातो आणि मजकूर मागून येतो. वडिलांस तीर्थरूप, धाकट्यास चिरंजीव, बरोबरीच्यास सा. न. वि. वि.; शेवटी ‘कळावे, लोभ असावा’, आणि त्याही आधीच्या काळी ‘बहुत काय लिहिणे’. टपाल-प्रणालीला मात्र ‘सही’ ही एकच गोष्ट ठाऊक असते आणि ती सर्वांस सारखीच लागते. नाव, हुद्दा, विभाग, दूरध्वनी असा चार ओळींचा शिक्का आपल्या गुरूंना लिहिलेल्या पत्राखालीही उमटावा, हे औचित्याला धरून नाही. यावर उपाय असा की, खाते एकच ठेवून त्यात अनेक ‘ओळखी’ कराव्यात : एक कचेरीची, तिच्याखाली इंग्रजी सही, दुसरी मराठी पत्रव्यवहाराची, तिच्याखाली केवळ नाव व गाव. ‘आपला’, ‘आपली’, ‘आपला नम्र’ हे शब्द सहीत कधीही घालू नयेत. ते पत्राचे अंग आहेत आणि माणसागणिक बदलतात. मायना व समाप्ती यांसाठी प्रणालीतील नमुनापत्रांची सोय वापरावी. ज्येष्ठांसाठी एक, संपादकांसाठी एक, विद्यार्थ्यांसाठी एक, असे तीन नमुने बहुतेकांस पुरतात. शुद्धलेखनासाठी मराठी शब्दकोश जोडून घेता येतो. पण सामासिक आणि विभक्तिप्रत्ययांनी लांबलेल्या शब्दांखाली त्याच्या तांबड्या रेघा इतक्या उमटतात की, तो काही काळाने बंद करण्याचाच मोह होतो.

उत्तर लिहिताना मूळ पत्राच्या डोक्यावर प्रणाली आपण होऊन एक इंग्रजी वाक्य घालते : अमक्या तारखेस अमक्याने लिहिले, या अर्थाचे. सेटिंगच्या अखेरीस असलेल्या सूक्ष्म-व्यवस्थेच्या यादीत हे वाक्य बदलता येते. त्यात लेखकाच्या नावासाठी पहिला, तारखेसाठी दुसरा आणि वेळेसाठी तिसरा असे क्रमांक योजिलेले असतात. क्रमांक असल्यामुळे त्यांची जागा बदलता येते, आणि क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांना नेमके हेच हवे असते. नुसते शब्द एकापुढे एक जोडण्याची व्यवस्था असती, तर मराठी वाक्य बनलेच नसते. ‘अमुक रोजी अमुक यांनी लिहिले’ ही रचना येथे चपखल बसते. ‘यांनी’ने आदर राखला जातो, आणि कर्त्याला तृतीया लागल्यामुळे लिहिणारा पुरुष की स्त्री हे यंत्राला ठाऊक असण्याची गरज उरत नाही. कर्तरी प्रयोग योजला असता तर ‘लिहितो’ की ‘लिहिते’ येथेच गाडे अडले असते. मराठीच्या कर्मणी-भावे प्रयोगांचा असा व्यावहारिक लाभ व्याकरणकारांच्या ध्यानी आला नसेल!

उत्तर मूळ मजकुराच्या वर लिहावे की खाली, हाही प्रश्न प्रणाली विचारते. येथे पेशवाईतील रिवाज उपयोगी पडतो. ‘आपले पत्र पावले, लिहिला अर्थ कळला’ असे म्हणून पुढे कलमवार जाबसाल करण्याची ती पद्धत होती. मूळ पत्रातील एकेक मुद्दा ठेवून त्याखाली आपले उत्तर लिहिणे म्हणजे हाच जाबसाल होय. संपादकीय पत्रव्यवहारात तरी मी हीच रीत पसंत करतो. विषयाच्या ओळीतील ‘आरई’ या उत्तरदर्शक खुणेचे मराठीकरण मात्र करू नये. ती लॅटिन शब्दावरून आलेली खूण सर्व प्रणाली ओळखतात. तिच्या जागी ‘उत्तर’ असा शब्द घातला की समोरची प्रणाली त्याला विषयाचाच भाग समजते आणि प्रत्येक फेरीत नवी खूण जोडत जाते.

पत्रांच्या साठवणीविषयी थोडक्यात सांगतो. जुन्या दफ्तरात कागद रुमालांत बांधले जात. एक कागद एकाच रुमालात राहू शकत असे. येथे फोल्डर म्हणजे रुमाल आणि टॅग म्हणजे त्यावरची खूण. खुणा कितीही लावता येतात. प्रणालीसोबत येणाऱ्या पाच इंग्रजी टॅगांची नावे बदलून ‘उत्तर देणे’, ‘मुद्रिते’, ‘जपणे’ अशी घ्यावीत; एक ते पाच हे आकडे दाबले की त्या लागतात. फोल्डर व्यक्तिवार करावेत की विषयवार, यावर मतभेद संभवतो. साहित्यिक पत्रव्यवहारासाठी व्यक्तिवार मांडणीच सोयीची, असे माझे मत आहे. परंतु एक सेटिंग प्रत्येकाने अवश्य योजावे : आपले उत्तर ‘पाठविलेली’ या वेगळ्या फोल्डरात न जाता मूळ पत्र ज्या फोल्डरात आहे तेथेच ठेवावे, असे. कागदी पत्रव्यवहारात लिहिणाऱ्याचे पत्र घेणाऱ्याकडे राहते, आणि दोन्ही बाजू एकत्र आणण्यासाठी संपादकाला दोन घरांची दारे ठोठवावी लागतात. या एका सेटिंगने ही अडचण जन्मण्यापूर्वीच नाहीशी होते.

आता लिपीचा प्रश्न; खरी गुंतागुंत येथे आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९८८ मध्ये तयार होऊन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून सिद्ध झाले. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. तरीही ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारांनी टंकता येतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, अथवा साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही रूपे एकच दिसतात. यंत्राला ती भिन्न. ‘ॲ’ची स्थिती याहून वाईट आहे. मराठी वळणाच्या या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. तोवर कोणी अ, अदृश्य चिन्ह आणि अर्धचंद्र अशी जुळणी करीत, तर कोणी हिंदी वळणाचे ‘ऍ’ लिहीत. परिणामी ‘ॲरिस्टॉटल’ हा शब्द आपल्या पत्रांत शोधला असता जुनी पत्रे हाती लागत नाहीत, आणि अभ्यासक असे समजतो की त्या वर्षांत आपण काव्यशास्त्रावर काही लिहिलेच नाही. शोध नेहमी दोन-तीन रूपांनी करावा. नवे टंकलेखन एकाच कळपाटावर, शक्यतो इन्स्क्रिप्टवर, स्थिर करावे. अक्षरांचा आकारही बदलून घ्यावा : प्रणालीत देवनागरीसाठी फॉन्ट व आकार वेगळा नेमता येतो. इंग्रजीला पुरणाऱ्या आकारात जोडाक्षरे आणि मात्रा-अनुस्वार एकमेकांत मिसळतात. देवनागरी दोन-तीन अंशांनी मोठी ठेवली म्हणजे मुद्रिते वाचताना डोळे शिणत नाहीत.

याहून बिकट प्रश्न युनिकोड रुळण्यापूर्वीच्या पत्रांचा. त्या काळी शिवाजी, श्रीलिपी, योगेश आणि बंगळूरच्याच एका कंपनीने घडविलेली आकृती अशा फॉन्टमालांत मराठी लिहिले जाई. त्या पत्रांत प्रत्यक्षात रोमन चिन्हेच साठलेली असतात. त्यांवर देवनागरीचा वेष फॉन्ट चढवितो. अशा पत्रात कोणता फॉन्ट आहे हे सांगणारी खूण पत्राच्या सजावटीत, म्हणजे एचटीएमएलमध्ये, दडलेली असते. पत्र साध्या मजकुरात रूपांतरित करून ठेवले की ती खूण नष्ट होते आणि पत्राची किल्लीच हरवते. म्हणून जुनी पत्रे ‘स्वच्छ’ करण्याच्या भरीस पडू नये. मूळ प्रत तशीच राखून युनिकोडमधील रूपांतर तिच्या शेजारी ठेवावे.

युनिकोडमधील पत्रही साठवणीच्या फाईलमध्ये उघडून पाहिले तर अनेकदा देवनागरीत दिसत नाही. ई-मेलची मूळ प्रमाणे रोमन चिन्हांपुरती होती. १९९२ च्या ‘माइम’ प्रमाणाने इतर लिप्यांना त्याच वाटेने पाठविण्याची युक्ती काढली. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि बेस-६४ या पद्धतीत तीन बाइटांची चार रोमन चिन्हे होतात. मजकुराचा आरंभ देवनागरीने झाला असेल, तर ती रांग रोमन ‘चार, के’ आणि त्यापुढे ‘एस’ किंवा ‘डब्ल्यू’ यांनीच सुरू होते. उद्याच्या पाठसंपादकास ही खूण ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण जे निरर्थक कचऱ्यासारखे दिसते ते एखाद्या कवीचे पत्र असू शकेल.

अखेरीस जतन. पाहुण्या अध्यापकाचे विद्यापीठीय खाते त्याच्या नेमणुकीबरोबर संपते, निवृत्ताचे निवृत्तीनंतर. आणि पत्रे केवळ सर्व्हरवर असतील तर तीही त्याबरोबर जातात. म्हणून दर वर्षअखेरीस ती प्रणालीतील स्थानिक फोल्डरांत उतरवून घ्यावीत. वर्षवार संग्रह करण्याची सोय थंडरबर्डमध्ये आहे, आणि मूळची फोल्डररचना कायम ठेवण्याचा पर्यायही आहे. तेथे सहसा एका फोल्डराची एकच मजकूर-फाईल असते. ती अन्य प्रणालींनाही वाचता येते. मात्र अशा फाईलीतील खोडलेले पत्र लगेच नाहीसे होत नाही. त्यावर केवळ खोडल्याची खूण होते, आणि फोल्डर ‘आटोपशीर’ करण्याची आज्ञा दिल्यावरच ते खरोखर जाते. संग्रह एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करण्यापूर्वी हे काम करावे की करू नये, याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण पत्राच्या मजकुरावरील स्वामित्व लिहिणाऱ्याचे असते, आणि १९५७ च्या कायद्यानुसार ते सामान्यतः त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. तेव्हा संग्रह देताना आपल्याकडे आलेल्या पत्रांच्या लेखकांची अनुमती मागणारे एक नमुनापत्र, योग्य त्या मायन्यासह, तयार ठेवावे.