वाळवंटातील बीजसंग्राहक मुंग्या

वाळवंटात पाऊस थोडा, आणि तोही बेभरवशाचा. चार सरी पडून गेल्या की अल्पायुषी वनस्पती उगवतात, फुलतात आणि काही आठवड्यांतच बी टाकून वाळून जातात. पुढील पावसापर्यंत त्यांचे अस्तित्व मातीत मिसळलेल्या बियांतच उरते. या बियांवर जगणाऱ्या प्राण्यांत बीजसंग्राहक मुंग्यांचे स्थान मोठे आहे. अशा मुंग्या आपल्या देशातही आढळतात. पुणे येथे त्या पावसाने भिजलेले गवताचे बी बिळाबाहेर आणून उन्हात वाळवीत असत, अशी नोंद कर्नल साइक्स यांनी १८३५ साली प्रसिद्ध केली होती.

वारुळाचा कारभार

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत पोगोनोमिर्मेक्स या प्रजातीच्या मुंग्या विपुल आहेत. वारुळाच्या तोंडाभोवतीची जागा त्या साफ करतात, वेचून आणलेले बी सोलतात, टरफले बाहेर टाकतात आणि दाणे भूमिगत कोठारांत साठवितात. उन्हात हिंडताना मुंगीच्या शरीरातील पाणी कमी होते. ते भरून निघते मुख्यतः बियांतील स्निग्धांशापासून. म्हणजे पाणी मिळविण्यासाठी पाणी खर्चावे लागते. डेबोरा गॉर्डन यांनी १९८५ पासून ॲरिझोना व न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळील वारुळांचा मागोवा घेतला. कोरड्या, उष्ण दिवशी जी वारुळे आपले कामकरी आवरून धरतात, त्यांचा वंश अधिक वाढतो, असे त्यांना २०१३ साली दाखविता आले.

प्रतिस्पर्धी की साहाय्यक?

कांगारू उंदरासारखे कृंतक प्राणीही याच बियांवर जगतात. या दोहोंचा संबंध तपासण्यासाठी जेम्स ब्राउन व डायन डेव्हिडसन यांनी ॲरिझोनात काही भूखंडांतून उंदीर आणि काहींतून मुंग्या काढून टाकल्या. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उंदीर नसलेल्या भूखंडांत मुंग्यांची वारुळे ७१ टक्क्यांनी वाढली, तर मुंग्या नसलेल्या भूखंडांत उंदरांची संख्या २० टक्क्यांनी वाढली. दोघे प्रतिस्पर्धी आहेत, हे यावरून उघड झाले.

परंतु प्रयोग पुढे चालू राहिला, तेव्हा निराळेच चित्र दिसले. उंदीर मोठे बी पसंत करतात. ते नाहीसे होताच मोठ्या बियांच्या वनस्पती माजल्या आणि त्यांनी लहान बियांच्या वनस्पतींना मागे रेटले. मुंग्यांचा निर्वाह बहुतांशी लहान बियांवरच होत असल्याने काही वर्षांनी त्यांचीही संख्या घटू लागली. अल्पकाळात जो प्रतिस्पर्धी, तोच दीर्घकाळात साहाय्यक ठरला.

मातीची मशागत

मुंग्यांच्या बोगद्यांमुळे जमीन भुसभुशीत होऊन पाणी आत मुरते. टाकून दिलेली टरफले व इतर कचरा कुजून वारुळाभोवतीच्या मातीत नायट्रोजन व फॉस्फरस वाढतात. वाटेत गळालेल्या किंवा कचऱ्याबरोबर फेकल्या गेलेल्या बियांपैकी काही तेथेच रुजतात. शिवाय शिंगवाल्या सरड्याचे मुख्य भक्ष्य याच मुंग्या होत. जेथे त्या नष्ट होतात, तेथे त्याचीही उपासमार होते.

कुरणातील गवत व बी फस्त करणारा शत्रू समजून पशुपालकांनी या मुंग्यांवर अनेकदा विषप्रयोग केले. मुंगीने नेलेला दाणा डोळ्यांना दिसतो. तिने सुपीक केलेली माती व राखलेला समतोल मात्र सहज दिसत नाही. म्हणून कोणताही जीव उपद्रवी ठरविण्यापूर्वी त्याचे कार्य एका हंगामात नव्हे, तर अनेक वर्षे पाहिले पाहिजे.