संशोधन आणि भारोत्तोलन : दोन भार, एक विद्यार्थी

आपल्या वस्त्यांमधून पीएच.डी.साठी नोंदणी करणारी मुले-मुली आज ठिकठिकाणी दिसतात, ही समाधानाची बाब आहे. पुष्कळदा घराण्यातला पहिला पदवीधर आणि पहिला संशोधक एकच असतो. अशा मुलाने संध्याकाळी व्यायामशाळेत जाऊन शंभर किलोचा बार उचलण्याचे ध्येय ठेवले, की घरची वडील मंडळी म्हणतातच, "बाळा, आधी डॉक्टर हो, मग लोखंड उचल." काळजीपोटी आलेले हे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. पण ते पूर्ण खरेही नाही.

एप्रिल महिन्यात अनेक महाविद्यालयांत बाबासाहेबांना अभिवादन म्हणून सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम होतो. उपक्रम चांगलाच आहे. तथापि ते एका दिवसाचे अभिवादन आहे, पाच वर्षांचे वेळापत्रक नव्हे. ज्ञानासाठी आणि समाजासाठी देह झिजवणाऱ्या बाबासाहेबांना उतारवयात मधुमेहाने ग्रासले होते, याचाही विद्यार्थ्यांनी विचार करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. प्रत्येक सत्रात समितीपुढे प्रगती मांडावी लागते. एवढ्या लांबच्या वाटेवर शरीराला घरी बसवून चालणार नाही.

मात्र विद्यार्थी मित्रांनो, खरा धोका वेगळाच आहे. वाया जाणाऱ्या तासाची चर्चा सगळे करतात. या धोक्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. बार उत्तर लगेच देतो. मागच्या महिन्यात 80 किलो, या महिन्यात 85; आकडा डोळ्यांसमोर असतो. प्रबंधाचे तसे नाही. चार महिने राबून लिहिलेले प्रकरण मार्गदर्शक एका वाक्यात परत करतात. मग मन आपोआप जिकडे शाबासकी मिळते तिकडे धावते. अडलेले प्रकरण टेबलावर पडून राहते आणि आठवड्यातले तीन दिवस व्यायामाचे सहा होतात. वरून हे शिस्तीसारखे दिसते, म्हणून कोणी टोकतही नाही. प्रकरण अडले असताना व्यायाम वाढत असेल, तर ती पळवाट समजावी.

यावर उपाय शरीरशास्त्रानेच दिलेला आहे. ताकद कमावायला जेवढे श्रम लागतात, त्याहून पुष्कळच कमी श्रमांत ती टिकते. तरुण माणसाने व्यायामाचे प्रमाण एक तृतीयांशावर किंवा त्याखालीही आणले, तरी ताकद कित्येक महिने राहू शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. अट एवढीच, की बारवरचे वजन हलके करायचे नाही. फेऱ्या आणि दिवस कमी करायचे. म्हणजे क्षेत्रकार्य, समितीपुढील सादरीकरण आणि प्रबंधलेखन या काळात आठवड्यातून एक-दोन वेळा, थोडक्या फेऱ्या. नवे उच्चांक गाठायचे ते वाचनाच्या, टिपणांच्या संथ महिन्यांत. दोन्हींचा कळस एकाच महिन्यात आणू नये.

रात्रभर प्रकरण लिहून सकाळी स्नॅच किंवा क्लीन अँड जर्कला जास्तीत जास्त वजन लावणे तर टाळावेच. ही तंत्राची उचल आहे. झोप अपुरी असली की लक्ष आणि तोल दोन्ही ढळतात. दुखापत तयारीच्या खेळाडूलाही गाठते. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण एका किलोने हुकले, कारण क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या कोपराला इजा झाली. संशोधकाचा तर लिहिता हात जायचा!

थांबल्याने वय निघून जाते, ही भीतीही अवाजवी आहे. अमेरिकेतील फ्रेड हॅटफिल्ड यांनी टेंपल विद्यापीठाची पीएच.डी. आधी मिळवली आणि 1987 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, खांद्यावर 1014 पौंड, म्हणजे सुमारे 460 किलो घेऊन बैठक मारली. त्यांचे टोपणनावच ‘डॉक्टर स्क्वॉट’ पडले. हा प्रकार पॉवरलिफ्टिंगचा, ऑलिंपिक भारोत्तोलनाहून वेगळा, हे खरे. परंतु भारोत्तोलनातही पस्तिशीपुढच्यांसाठी मास्टर्स गटाच्या स्पर्धा होतात.

राहता राहिला आहार. अधिछात्रवृत्ती नेहमी वेळेवर हाती पडते असे नाही, आणि पावडरचे महागडे डबे उधारीवर घेणारी मुले आहेत. त्याची गरज नाही. 65 किलो वजनाच्या होतकरू खेळाडूला दिवसाला साधारण 105 ग्रॅम प्रथिने पुरतात. पन्नास ग्रॅम सोयावड्या आणि चार अंडी यांत जवळजवळ निम्मी भरपाई होते. उरलेली डाळ, हरभरे, दूध आणि रविवारचे मटण भरून काढते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मार्गदर्शकांना स्पर्धेची तारीख ठाऊक नसते आणि प्रशिक्षकांना सादरीकरणाची. सर रागावतील म्हणून व्यायाम लपवणारे विद्यार्थी ऐनवेळी दोघांचाही रोष ओढवून घेतात. सत्र सुरू होताच दोन्हीकडच्या तारखा एकाच वहीत लिहाव्यात आणि ते पान दोघांनाही दाखवावे. दोन तारखा पंधरवड्याच्या आत येत असतील, तर त्या वर्षीच्या स्पर्धेत नाव देऊ नये.