चिंच नसलेली चिंच : अनोळखी फळ कसे ओळखावे?



गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यातले ‘हातियाँ का झाड’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पंचवीस मीटरांहून अधिक घेराचे खोड, आत माणसे शिरतील एवढी ढोली आणि हत्तीच्या कातडीसारखी राखाडी, सुरकुतलेली साल! हे झाड चारशे वर्षांचे आहे असे सांगतात. या जातीच्या झाडाचे फळ प्रथम पाहणारा गोंधळतो. ते लांब देठावर लोंबते. आकार लहान दुधीसारखा, वर मखमलीसारखी लव, कवच मात्र लाकडासारखे टणक. फोडले तर रस नाही. पांढरा, कोरडा, पिठूळ गर, त्यात तांबूस धागे आणि काळपट बिया.

असे फळ हाती आले तर ते कशाचे, हे कसे ठरवायचे? या पाठात आपण हेच उदाहरण घेऊ.

सर्वांत आधी : चाखायचे नाही

फळ ओळखण्यासाठी डोळे, नाक आणि बोटे पुरतात. जिभेचे काम शेवटी, आणि तेही मोठ्यांनी होकार दिल्यावरच. पाखरे खातात म्हणून ते आपल्याला चालेल, हा समज चुकीचा आहे. चव चांगली लागली म्हणून फळ निर्धोक, हाही तसाच.

मोगली एरंडाच्या, म्हणजे चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात; त्या खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडतात. तेलुगूत याला ‘अडवि आमुदम’ म्हणतात. दुसरी बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. पिवळी घंटेसारखी फुले येतात म्हणून ती कुंपणाला लावतात आणि मुले तिच्या बियांनी खेळतात. पण त्या बियांतले विष थेट हृदयावर परिणाम करते.

पालकांना विनंती : मुलाने अनोळखी फळ खाल्ले तर मीठपाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नये. तत्काळ १०८ ला फोन करावा किंवा रुग्णालय गाठावे. उरलेले फळ व झाडाची पानांसह डहाळी सोबत न्यावी. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

पायरी १ : पान पाहा

फळ एकटे पाहू नका, ज्या झाडाचे ते आहे ते सगळे झाड पाहा. आपल्या झाडाचे पान हाताच्या पंजासारखे आहे. एका देठाच्या टोकाला पाच ते सात दले, बोटे पसरावीत तशी. अशी पाने आणखी कोणाची? काटेसावरीची. म्हणजे पानावरून शोध बराच आवळत आला, पण पुरता संपला नाही. सावरीचे फळ पिकल्यावर आपोआप उकलते आणि कापूस उडतो. आपले फळ उकलत नाही आणि त्यात कापूसही नाही. तेव्हा ही सावर नव्हे.

पायरी २ : फूल पाहा

पावसाळ्यात या झाडाला मोठी पांढरी फुले येतात. ती खाली लोंबतात, रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी कोमेजतात. वटवाघळे त्यांचे परागण करतात. फुलाच्या मध्यभागी असंख्य पुंकेसर एका नळीत जुळलेले दिसतात. आता घरच्या कुंडीतले जास्वंदीचे फूल आठवा. तिथेही पुंकेसरांची नळीच आहे! हे साम्य योगायोगाचे नाही. जास्वंद, भेंडी, कापूस, सावर आणि हे अवाढव्य झाड, ही सारी एकाच कुळातली आहेत.

पायरी ३ : आता नाव

मराठीत या झाडाचे नाव आहे गोरखचिंच. हिंदीत ‘गोरख इमली’. माळव्यातल्या मांडूला अशी झाडे पुष्कळ आहेत, म्हणून ‘मांडू की इमली’ असेही म्हणतात. आणि येथेच खरी गंमत सुरू होते, कारण गर आंबट असला तरी ही चिंच नव्हेच!

आपल्या शहरात ‘चिंच’ म्हणवणारी तीन झाडे आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहू.

खरी चिंच : पान बारीक, जोडीजोडीने लागलेल्या अनेक दलांचे. फूल पिवळट, त्यावर लाल रेषा. फळ म्हणजे तपकिरी शेंग. तेलुगूत ‘चिंत’. आपल्या बसस्थानकाचा परिसर ‘इमलीबन’ तो हिच्याच नावाने. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात सुमारे दीडशे जणांचे प्राण ज्या झाडामुळे वाचले, ते उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातले झाडही चिंचेचेच.

विलायती चिंच : काटेरी झाड. पानाला दोन फाटे, प्रत्येक फाट्यावर दोन दले. फळ जिलबीसारखी वळलेली गुलाबी शेंग, आत पांढरा गर व काळ्या चकचकीत बिया. हिंदीत ‘जंगल जलेबी’, तेलुगूत ‘सीम चिंत’. मराठीतले ‘विलायती’ आणि तेलुगूतले ‘सीम’ एकच गोष्ट सांगतात : परदेशातून आलेली. हिचे मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेत.

गोरखचिंच : पंजासारखे पान, लोंबते पांढरे फूल, लवदार टणक फळ. पहिल्या दोघी शेंगांच्या कुळातल्या. ही भेंडीच्या कुळातली.

घरी चिंच, शेजारी इमली, बाजारात चिंतपंडू, अशा तीन भाषांत आपण रोज वावरतो. तेव्हा नुसत्या नावावर विसंबले तर फसगत व्हायचीच. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक जातीला जगभर चालणारे एक नाव देतात. गोरखचिंचेचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅडॅन्सोनिया डिजिटाटा’. पहिला शब्द सेनेगलमध्ये या झाडाचा अभ्यास करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल अदांसाँ यांच्या सन्मानार्थ. दुसऱ्याचा अर्थ ‘बोटांसारखे’. म्हणजे पहिल्या पायरीवर आपण जे पाहिले, तेच नावात लिहिले आहे.

हे झाड येथे आले कोठून?

मूळचे आफ्रिकेतले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात भारतातल्या गोरखचिंचेचे नाते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडच्या झाडांशी जुळले, आणि ती एकदाच नव्हे तर अनेकदा आणली गेली असे दिसले. समुद्रमार्गे दख्खनेत आलेल्या हबशी लोकांशी तिचा संबंध अभ्यासक जोडतात. अहमदनगरचा मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला इतिहासात भेटतात. आपल्याच शहरातल्या ए. सी. गार्ड्स भागाचे नाव निजामाच्या आफ्रिकी घोडदळावरून पडले आहे. माणसे आली, त्यांच्याबरोबर बियाही आल्या. आफ्रिकेत या गराचे पेय करतात, आणि २००८ मध्ये युरोपीय संघानेही हा गर खाद्य म्हणून मान्य केला.

आमच्या मते या पाठातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नाव कानावर पडले म्हणजे झाड ओळखले असे नाही. पान, फूल, फळ जुळले पाहिजे. मात्र ओळख पटल्यावर आपल्या भाषेतले नाव टाकूनही देऊ नये. ‘बाओबाब’ हा शब्द मुलांना पुस्तकात आणि दूरचित्रवाणीवर भेटतोच; ‘गोरखचिंच’ घरातून आणि शाळेतून सांगितली नाही तर दुसरे कोण सांगणार?

विश्वस्त मंडळाला आमची सूचना : शाळेच्या आवारातल्या प्रत्येक झाडाला मराठी, तेलुगू, उर्दू व शास्त्रीय नावाची पाटी लावावी. बिट्टीसारखे झाड असल्यास पाटीवर ‘विषारी’ हा शब्द लाल अक्षरांत असावा. नावे लिहिण्याचे काम विद्यार्थीच करू शकतील.

स्वाध्याय

१. घराजवळच्या एका झाडाचे पान, फूल व फळ यांची चित्रे वहीत काढा. फळ चाखू नका.
२. त्या झाडाचे नाव आजी-आजोबांना, तेलुगू शेजाऱ्यांना आणि उर्दू बोलणाऱ्या मित्राला विचारून लिहा. नावांचे अर्थ जुळतात का ते पाहा.
३. भेंडीचे फूल आणि जास्वंदीचे फूल शेजारी ठेवा. कोणत्या तीन गोष्टी सारख्या आहेत?